रंकाळ्याच्या चौदा फेऱ्या आणि विशाळगड : धावण्यात गोष्ट आणि खेळ आणण्याविषयी

पेठेतली

नमस्कार. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहते, वय ४४, आणि गेल्या सहा वर्षांत मी धावणे तीनदा सुरू करून तीनदा सोडलेले आहे. तिन्ही वेळा सोडण्याचे कारण दुखापत नव्हते आणि पाऊसही नव्हता. कारण होते कंटाळा, आणि त्या कंटाळ्याच्या पोटात दडलेली एक बारीकशी लाज. रंकाळा तलावाच्या कडेने धावू लागावे, दोन मिनिटांत धाप लागावी, चालायला सुरुवात करावी आणि नेमके तेव्हाच समोरून ओळखीच्या कुणीतरी “काय वैनी, दमलासा?” असे विचारत निघून जावे, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना मी काय म्हणते ते अधिक सांगायला नको.

चौथ्या वेळी मात्र मी अठरा आठवडे टिकून आहे, आणि त्याचे श्रेय एका गोष्टीला आहे. गोष्ट म्हणजे अक्षरशः गोष्ट. भाचीने माझ्या मोबाइलवर ‘झॉम्बीज, रन!’ नावाचा खेळ घालून दिला. लंडनच्या सिक्स टू स्टार्ट या कंपनीने लेखिका नेओमी ऑल्डरमन यांच्यासह तो तयार केला आणि लोकवर्गणीतून पैसे उभारून २०१२ साली बाजारात आणला. यात पडद्याकडे पाहायचे काहीच नसते. तुम्ही ‘पाचव्या क्रमांकाचे धावपटू’ असता, जग बुडालेले असते, एक लहानशी वस्ती तग धरून असते आणि तिच्यासाठी औषधे, अन्न, बॅटऱ्या आणायला तुम्ही बाहेर पडलेले असता. रेडिओवरचा माणूस तुमच्या कानाशी बोलतो, मग तुमचे स्वतःचे एखादे गाणे लागते, गाणे संपले की गोष्ट पुढे सरकते. पाठलाग चालू ठेवलेला असेल तर अधूनमधून मागून घरघर ऐकू येते, आणि तेवढ्यापुरता वेग वाढवला नाही तर गोळा केलेले सामान हातचे जाते.

हे सारे ऐकायला पोरकट वाटेल. मलाही वाटले होते. पण तिसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी गजराशिवाय उठले, कारण आदल्या दिवशी गोष्ट अर्ध्यावर राहिली होती आणि घरी बसून पुढचा भाग ऐकायचा नाही, असे मी स्वतःशी ठरवले होते.

आता अडचण सांगते. ती वस्ती इंग्लंडमधली आहे, माणसे इंग्रजीत बोलतात, आणि मी रंकाळ्यातल्या संध्यामठापाशी पोचलेले असताना कानात कुठल्यातरी परक्या खेड्याचे फाटक उघडत असते. डोळ्यांना एक दिसते आणि कानांना दुसरेच ऐकू येते. आपल्या भाषेत, आपल्या वाटेवरची अशी गोष्ट करता येईल का, आणि कुणी केली आहे का, हे विचारण्यासाठी हा धागा काढला आहे.

वाघबीळ

आपण टिकून राहिलात याचे मनापासून अभिनंदन. तरीही थोडा विरोधी सूर लावतो, कारण बारा वर्षे धावल्यानंतर काही मते घट्ट झालेली आहेत.

धावताना ऐकण्यासारखे दोनच आवाज असतात, एक श्वासाचा आणि दुसरा पावलाचा. पाऊल धपकन पडू लागले की शरीर थकल्याचे ते सांगते, आणि कानात गोष्ट भरलेली असेल तर हा निरोप आपल्यापर्यंत पोचत नाही. दुसरे, या पाठलागांविषयी मला खरोखर काळजी वाटते. नव्याने धावणाऱ्याचा दम काही आठवड्यांत वाढतो, परंतु हाडे, स्नायुबंध आणि स्नायूंची टोके तेवढ्या भाराला सरावण्यास महिने लागतात. म्हणजे छाती ‘पळ’ म्हणते तेव्हा नडगी तयार नसते. अशा वेळी मागून कुणी घरघरले आणि माणूस जिवाच्या आकांताने पळाला, तर तिसऱ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागणार आणि धावणे पुन्हा बंद पडणार.

खेळालाच माझा विरोध आहे असे मात्र समजू नये. फार्टलेक हा सरावाचा प्रकार गोस्टा होल्मेर या स्वीडिश प्रशिक्षकाने १९३० च्या दशकात रूढ केला, आणि स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थच ‘वेगाशी खेळ’ असा होतो. पुढच्या विजेच्या खांबापर्यंत जोरात, त्यानंतर त्या वळणापर्यंत सावकाश, मग चढ दिसला की पुन्हा जोरात, असे आपल्या लहरीने पळायचे. वाघबिळाचा चढ मी अनेकदा असाच खेळत चढलो आहे. त्याला मोबाइल लागत नाही.

पेठेतली

नडगीचा मुद्दा शंभर टक्के मान्य आहे. मी पहिल्याच आठवड्यात पाठलाग बंद करून टाकले होते आणि तरीही गोष्टीचे काही बिघडले नाही. उलट तेव्हाच माझ्या लक्षात आले की मला पळवणारी भीती नव्हती, उत्सुकता होती.

श्वास ऐकण्याविषयी मात्र एक नम्र भेद आहे. बारा वर्षे धावलेल्या माणसाला श्वास सोबती वाटतो, पण दोन मिनिटांत धापणाऱ्या बाईला तो केवळ स्वतःच्या नालायकीची आठवण करून देत असतो. माझे लक्ष त्यावरून थोडे हटणे हीच माझी गरज होती.

मोजपट्टी

मी काही वर्षे मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत काम केले आहे आणि आता ताराबाई पार्कातून घरूनच काम करतो, त्यामुळे पडद्यामागची बाजू थोडी सांगू शकेन.

धावण्यात ‘खेळ आणणे’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एक म्हणजे गुण, पदके, क्रमवारी आणि सलग दिवसांची साखळी. दुसरी म्हणजे गोष्ट. पहिली करायला स्वस्त आहे, म्हणून ती सगळीकडे दिसते. परंतु बक्षिसाचा एक जुना धोका मानसशास्त्रात नोंदलेला आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतल्या, मुळातच चित्रे काढायची आवड असणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे ज्यांना आधीच सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळेत इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. ज्यांना पत्र अचानक मिळाले, त्यांची आवड मात्र घटली नाही. आवडीची जागा मोबदल्याच्या कराराने घेतली की करार संपताच आवडही संपते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

दुसरे उदाहरण ‘पोकेमॉन गो’ या मोबाइलवरच्या खेळाचे. २०१६ च्या जुलैत तो आला तेव्हा सारे जग रस्त्यावर उतरले होते. त्यातली अंडी उबवायला दोन, पाच किंवा दहा किलोमीटर चालावे लागे. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या तरुणांचा अभ्यास आला. खेळ सुरू केल्याच्या पहिल्या आठवड्यात खेळणाऱ्यांची रोजची पावले सरासरी ९५५ ने वाढली होती, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ती वाढ पूर्णपणे विरून गेली होती. नवलाई संपली, पाय थांबले.

क्रमवारीचेही तसेच आहे. स्ट्राव्हा या धावण्याची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपवर रस्त्याच्या एखाद्या तुकड्यावर सर्वांत वेगवान कोण, हे दिसते, पण त्याचा आनंद पहिल्या पाच जणांना आणि बाकीच्या पाचशेंना केवळ आपला क्रमांक. म्हणून त्यांनी २०२० साली काढलेली दुसरी पदवी मला अधिक शहाणपणाची वाटते. त्या तुकड्यावरून ९० दिवसांत सर्वाधिक वेळा जो गेला तो तिथला मानकरी, वेग कितीही असो. त्यात हळू धावणारी, पण न चुकता येणारी व्यक्तीही जिंकू शकते.

गोष्टीचे बळ कुठे आहे? ती काही देत नाही, ती काहीतरी अडवून धरते. पुढचा भाग. आपण स्वतः घरी बसून ऐकायचे नाही असे ठरवलेत, तिथेच तो खेळ यशस्वी झाला. माझ्या मते आपली गोष्टही अशीच असावी, जिला रंकाळ्यावर आल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही.

पन्हाळवाट

आपल्या वाटेवरची गोष्ट शोधायला कोल्हापूरकराने लांब जावे लागू नये. दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड या वाटेने शेकडो लोक चालत जातात. मी ती वाट सहा वेळा चाललो आहे. राजदिंडीने उतरायचे, म्हसाईचे पठार ओलांडायचे, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या मागे टाकत पांढरपाण्यावरून खिंडीत उतरायचे, आणि मग विशाळगड. पन्हाळ्यापासून गडापर्यंत सुमारे ६० किलोमीटर धरावेत. माझ्या घड्याळात रंकाळ्याची एक फेरी ४.३ किलोमीटर भरते. म्हणजे रंकाळ्याच्या चौदा फेऱ्या झाल्या की विशाळगड आला.

१२ जुलै १६६०, आषाढी पौर्णिमेची रात्र. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडलेला, पाऊस कोसळत असलेला, आणि दोन पालख्या. एकीत महाराजांचे सोंग घेतलेला शिवा काशिद. मागे सिद्दी मसूदचे घोडेस्वार, पुढे विशाळगडाला पडलेला सुर्वे आणि दळवी यांचा मोर्चा, आणि मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभू. त्याहून अधिक काय लिहायचे असते?

एकच विनंती आहे. करायचे असेल तर वाड्यांची नावे, ऋतू, अंतरे चोख ठेवा, आणि जिथे बखरीत एक आणि इतिहासकारांत दुसरे असे आहे तिथे उगाच ठाम बोलू नका.

बिंदूचौक

क्षमा करा, पण मला हे रुचलेले नाही. त्या खिंडीत माणसे मेली आहेत. तिथे बाजीप्रभूंनी देह ठेवला. आपण बूट चढवून, कानात यंत्र घालून, चार गुण मिळवण्यासाठी ‘बाजीप्रभू’ होऊन रंकाळ्याभोवती पळणार, आणि धाप लागली म्हणून मध्येच थांबून शहाळे पिणार? वेग कमी पडला तर मग काय, महाराज पकडले जाणार? अशा खेळात इतिहास बदलता येत असेल तर तो खोटेपणा आहे, आणि बदलता येत नसेल तर त्याला खेळ म्हणता येणार नाही.

मोजपट्टी

आपली शेवटची दोन वाक्ये कोणत्याही खेळ बनवणाऱ्याने भिंतीवर लावून ठेवावीत इतकी नेमकी आहेत. या पेचातून मला अजून वाट दिसलेली नाही.

जुना_तालीमवाला

माझे वय ६८ आहे आणि मी पळत नाही, पण रंकाळ्यावर रोज असतो, कारण फिरून झाल्यावर संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायल्याशिवाय दिवस पुरा झाल्यासारखा वाटत नाही. तरुणपणी तालमीत जोर-बैठका काढल्या. तिथे आम्हाला कुणी गोष्ट सांगत नसे, पण मोजणारा जोडीदार समोर असे, आणि त्याच्यासमोर मोड व्हायची नाही एवढ्यावर शंभराचे दीडशे होत. कष्टाला सोबत आणि सूर लागतो हे आपल्या लोकांना नव्याने शिकवावे लागत नाही. जात्यावरची ओवी त्यासाठीच होती. वारीत अभंगांवर पाय पडत राहतात, आणि माउलींच्या पालखीत वेळापूरजवळ धावा होतो तेव्हा पंधरा-सोळा दिवस चाललेली साठी-सत्तरीची माणसे उतारावरून पळत सुटतात. त्यांच्या कानात कोणतेही यंत्र नसते. तरीही पळतात, कारण ती एका गोष्टीच्या आत असतात.

बिंदूचौक यांच्या शंकेवर माझ्याकडे उत्तर नाही, पण एक आठवण आहे. चैत्रात जोतिबाला सासनकाठी घेऊन आम्ही जात असू. काठी उंच, वजन भारी, चढ आहेच. एक गडी ती पेलतो, बाकीचे तोरण्या, म्हणजे काठीला बांधलेले दोर, धरून तिचा तोल सांभाळतात, आणि ठरावीक अंतराने खांदा बदलतो. खांदा दिलेला माणूस दमला असे कुणी म्हणत नाही. त्याची पाळी झाली, एवढेच. काठी मात्र पुढे जात राहते.

आपल्याला बाजीप्रभू व्हायचेच कशाला? पालखीला भोई होतेच की.

पेठेतली

तालीमवाले काका, आपला प्रतिसाद मी काल रात्री वाचला आणि मला बराच वेळ झोप आली नाही.

पालखीचा भोई. नाव नसलेला. त्याने काय केले म्हणून इतिहास बदलत नाही, पण तो नसता तर पालखी हललीच नसती. बिंदूचौक यांच्या पेचाचे उत्तर मला इथे दिसते. शेवट सर्वांना ठाऊक आहे आणि तो तसाच राहील. उत्कंठा शेवटाची नसेलच. आजची माझी मजल कुठपर्यंत, करपेवाडीपर्यंत की त्याच्या अलीकडे, एवढाच प्रश्न असेल. गुण नाहीत, हार नाही. आज आले नाही तर पालखी आज तिथेच थांबलेली असेल.

आणि खांदेपालट! १९९६ साली जॉश क्लार्क यांनी नवशिक्यांसाठी जो नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आखला, ज्यावर आज जगभर लोक पहिले पाच किलोमीटर धावायला शिकतात, त्याचा पहिला आठवडा असा आहे : पाच मिनिटे भरभर चालणे, मग ६० सेकंद धावणे आणि ९० सेकंद चालणे, असे वीस मिनिटे, आठवड्यातून तीनदा. मी तो पूर्वी दोनदा सोडला, कारण दर ६० सेकंद धावून झाले की कानातली शिटी मला जणू ‘आता तू हरलीस, चाल’ असे सांगायची. त्याऐवजी कानात ‘खांदा!’ अशी हाक आली तर? पालखी माझ्या खांद्यावर आहे तोवर धावायचे. खांदा बदलला की मोकळ्या अंगाने पालखीच्या बाजूने चालायचे. चालणे हे त्या गोष्टीतले माझे काम असेल, ती माघार नसेल.

एका दिवसाला अडीच-तीन किलोमीटर धरले आणि आठवड्यातून तीन दिवस धरले तर ६० किलोमीटरांना सात-आठ आठवडे लागतात. म्हणजे नऊ आठवड्यांच्या कार्यक्रमाच्या जवळपास तेवढेच. भाचीशी बोलले आहे. आम्ही करून पाहतो.

राजारामपुरी_पहाट

आपण खरोखर करणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पाठीमागून येणाऱ्या पावलांचा आवाज कृपा करून घालू नका. हिवाळ्यात साडेपाचला अंधार असतो. एकट्या धावणाऱ्या बाईच्या कानात मागून पावले वाजली तर तो तिच्यासाठी खेळ राहत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे खरी पावले आली तर ती तिला ओळखू येणार नाहीत. मी तो इंग्रजी खेळ याच कारणासाठी दोन दिवसांत काढून टाकला होता.

तसेच एकाच कानात इयरफोनचे बोंडूक घालावे, किंवा हाडांतून आवाज पोचवणारे, कानाचे छिद्र मोकळे ठेवणारे साधन वापरावे, असे पहिल्या भागातच सांगून टाकावे. फुटपाथवर एक वेळ चालून जाईल, पण रस्त्यावर दोन्ही कान बंद करून पळणे म्हणजे मागच्या केएमटी बसच्या चालकावर आपला जीव सोपवणे आहे.

पेठेतली

हे खरोखर माझ्या लक्षात आले नव्हते. पाठलागाची चाहूल आता नेहमी समोरून किंवा लांबून येईल : पलीकडच्या धारेवर दिसलेल्या मशाली, हेराने धापा टाकत दिलेली बातमी, कुत्र्यांचे भुंकणे थांबणे. पाठीमागे काहीही वाजणार नाही.

पेठेतली

पाच आठवड्यांनंतर परत आले आहे. उशीर झाला, पण रिकाम्या हाताने आलेली नाही.

बावीस भाग ठरवले, त्यांपैकी तेरा ध्वनिमुद्रित झाले आहेत. मी, माझी भाची, शेजारच्या ५८ वर्षांच्या काकू आणि भाचीचा एक मित्र असे चौघे ते ऐकत धावतो आहोत. चार माणसांवरून काहीही सिद्ध होत नाही याची मला कल्पना आहे, पण काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा सलग आठ मिनिटे धावल्यावर टॉवरपाशी थांबून पाण्याकडे पाहत जो चेहरा केला होता, तो कोणत्याही आकड्यात बसणारा नाही.

जे शिकलो ते लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कुणी केले तर त्याचा वेळ वाचेल. धावणारा माणूस पहिला शब्द ऐकतच नाही. त्याचे लक्ष येईपर्यंत अर्धे वाक्य निघून जाते, म्हणून प्रत्येक तुकडा आम्ही ‘गडी हो’ या हाकेने सुरू करतो आणि महत्त्वाचे त्यानंतर सांगतो. वाक्ये छोटी लागतात. मी आधी जी लांबलचक, अलंकारिक वर्णने लिहिली होती ती चालताना गोड वाटली आणि धावताना असह्य झाली. आता एक तुकडा चाळीस सेकंदांचा असतो, आणि मग तीन-चार मिनिटे फक्त पावसाचा आवाज किंवा तोही नाही. वाघबीळ, ही शांतता आपल्यासाठी ठेवली आहे. श्वास ऐकायला तेवढ्यात वेळ मिळतो, आणि आता मला तो ऐकवतोही.

जागेवरून तुकडा आपोआप सुरू व्हावा म्हणून आम्ही आधी उपग्रहाच्या मदतीने खूप खटाटोप केला. झाडांखाली आणि इमारतींच्या कडेला मोबाइल कधी आम्हाला तलावात उभे करायचा, तर कधी रस्त्यापलीकडच्या घरात. शेवटी जागेचा नाद सोडून वेळेवर आलो. भाग म्हणजे सलग पंचवीस मिनिटांची एक ध्वनिफीत, त्यात हाका आधीच बसवलेल्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवता येते, कोणत्याही साध्या मोबाइलवर चालते, खर्च शून्य.

पाऊस आमच्या माळ्यावरच्या पत्र्याखाली बसून टिपला होता. भाचीला तो फार आवडला. पन्हाळवाट यांनी एकच भाग ऐकून विचारले की १६६० साली म्हसाईच्या पठारावर पत्रे कुणी घातले होते. मग केळीच्या पानांवरचा पाऊस टिपायला एका नातेवाइकांच्या मळ्यात गेलो. तिथे बेडूकही मिळाले.

वाघबीळ

आपण पाठवलेला नववा भाग ऐकत मी काल धावलो. माझ्या नेहमीच्या वेगाने नाही. हाकेप्रमाणे खांदा बदलत, म्हणजे चालतसुद्धा. रंकाळ्यावर मी चालतो आहे हे पाहून दोघांनी थांबून प्रकृतीची चौकशी केली.

टीका एकच आहे. सहाव्या भागात पठारावर वेग वाढवायला सांगितले आहे. त्या आठवड्यापर्यंत नवशिक्याची तयारी तेवढी झालेली नसते, आणि उत्साहात तो किती वेगाने पळेल याला धरबंध राहत नाही. त्या जागी वेगाऐवजी लांबी वाढवावी. एक खांदा अर्धा मिनिट जास्त.

मोजपट्टी

वेगाला धरबंध घालण्याचा एक मार्ग सुचला आहे. सावकाश धावण्याची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे बोलता येणे. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले तर वेग योग्य, दोन शब्दांत धाप लागली तर जास्त. ही कसोटी गोष्टीतच बसवता येईल, आणि तिचा साचा आपल्याकडे पूर्वीपासून आहे. विक्रम आणि वेताळ. पाठीवर ओझे, रात्रीची वाट, चालता चालता ऐकलेली गोष्ट आणि शेवटी प्रश्न. विक्रम बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. आपण ते उलटे करू. भागाच्या मध्यावर बरोबरचा भोई काहीतरी विचारेल, ‘गाव कंचं तुजं? घरात कोण कोण हाय?’ असे, आणि दहा सेकंद थांबेल. धावणाऱ्याने मोठ्याने उत्तर द्यायचे. उत्तर पुरे झाले नाही तर त्याने आपण होऊन पावले आखडती घ्यायची. ऐकणारे यंत्र नको, तपासणी नको.

जुना_तालीमवाला

म्हणजे आता पहाटे रंकाळ्यावर माणसे एकटीच मोठ्याने आपले गाव सांगत पळणार. मी तरी बाकावर बसून उत्तरे देत जाईन.

यावरून आठवले. इथल्या नंदीविषयी लहानपणी आम्हाला सांगत की तो रोज गहूभर पुढे सरकतो आणि तांदूळभर मागे येतो, आणि ज्या दिवशी रंकाळ्याला पोचेल त्या दिवशी जगबुडी होईल. पावसाळ्यात आठवडा बुडाला म्हणून हळहळणाऱ्यांनी त्या नंदीचा हिशोब ध्यानात ठेवावा. मागे येऊनही तो पुढेच आहे.

बिंदूचौक

मी तीन भाग ऐकले. भोयाला नाव दिलेले नाही हे योग्य केलेत. शिवा काशिद यांची पालखी वेगळी होते त्या ठिकाणी आपण हाक बंद ठेवली आहे आणि दोन मिनिटे काहीच वाजत नाही, तिथे मी थांबलो होतो. धावत नव्हतो, घरीच होतो, तरी थांबलो.

माझा आक्षेप मी मागे घेतो असे नाही. खिंडीतला भाग ऐकल्यावर बोलेन.

पेठेतली

खिंडीतला भाग अजून लिहिलेला नाही. तो आम्हाला जमत नाही, असे खरे सांगते. भोई त्या वेळी खिंडीत नव्हताच, तो पालखीबरोबर पुढे गेला होता, आणि मागे काय चालले आहे हे त्याला दिसत नव्हते. म्हणून सध्या तरी असा विचार आहे की लढाईचा एकही आवाज घालायचा नाही. फक्त चढ, श्वास आणि गडावरून तोफा कधी ऐकू येतील याची वाट. तोफांचा आवाज कुठून आणायचा हेही ठरलेले नाही. दिवाळीचा बाण आणि उखळी दारू, दोन्ही टिपून पाहिले. दोन्ही लग्नातल्यासारखे वाटतात.

पन्हाळवाट

तोफांचे पुढे पाहू. त्याआधी अकरावा भाग दुरुस्त करावा लागेल. पठारावर ‘आभाळात चांदण्या लुकलुकत होत्या’ असे वाक्य आहे. आषाढातली पौर्णिमा, वर धो धो पाऊस. चांदणी दिसण्याचा प्रश्नच नाही. पौर्णिमा असल्यामुळे ढगांमागून अंधूकसा उजेड मात्र असणार, आणि चिखलातून वाट काढणाऱ्या भोयाला तोच उपयोगी पडला असेल.

पेठेतली

वाक्य काढून टाकले आहे आणि ढगांमागचा उजेड घातला आहे. भाचीची परीक्षा शुक्रवारी संपते, त्यामुळे अकरावा आणि चौदावा हे दोन्ही भाग शनिवारी रात्री मुद्रित करून धाग्यावर देते. सहाव्या भागात वेगाऐवजी अर्ध्या मिनिटाचा खांदा वाढवला आहे. काकूंची तेरावी फेरी रविवारी आहे. त्या साडेपाचला टॉवरपासून निघतील. ज्यांना सोबत यायचे आहे त्यांनी एकच कान भरून यावे.